'अधिक'च्या चिन्हाने छळलेला मास्तर

पायथनच्या पहिल्यावहिल्या लॅबमधला घोळ तुम्हालाही आठवत असेल. तीन अधिक चार लिहिलं की उत्तर सात येतं. तेच तीन आणि चार अवतरणचिन्हांत टाकले की उत्तर येतं चौतीस. एक आकडा अवतरणात आणि दुसरा बाहेर राहिला, तर पायथन सरळ हात वर करतं आणि 'टाइप एरर' दाखवून थांबतं. जावास्क्रिप्ट तेवढं सरळ नाही. ते गुपचूप चौतीस देऊन मोकळं होतं आणि चूक आपल्याला कळते ती दोन तासांनी, चहा संपल्यावर.

चिन्ह एकच आहे, मग अर्थ तीन कसे? आणि कुठला अर्थ घ्यायचा हे कोण ठरवतं, कधी ठरवतं? प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. फंक्शनल भाषा तयार करणाऱ्यांची याने पुढे कित्येक वर्षं झोप उडवली. या प्रश्नाला नीट नाव देऊन त्याची दोन भागांत विभागणी केली ती ख्रिस्तोफर स्ट्रेची यांनी. हा माणूस पदवीला जेमतेम दुसऱ्या वर्गात पास झाला होता, पीएचडी त्याने कधी केलीच नाही आणि पस्तिशीला टेकेपर्यंत तो शाळेत मास्तर होता.

हुशार घरातलं 'ढ' पोर?

ख्रिस्तोफरचा जन्म १६ नोव्हेंबर १९१६चा, लंडनमधल्या हॅम्पस्टेडचा. घर म्हणजे नुसती नामवंतांची रांग. आजोबा सर रिचर्ड स्ट्रेची यांची बरीचशी कारकीर्द भारतात इंजिनीअर आणि प्रशासक म्हणून गेली. काका लिटन स्ट्रेची हे इंग्रजीतले गाजलेले चरित्रकार. वडील ऑलिव्हर दोन्ही महायुद्धांत शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडण्याच्या कामात होते. आई रे स्ट्रेची बायकांच्या मताधिकाराच्या लढ्यातल्या आघाडीच्या कार्यकर्त्या होत्या, शिवाय त्या लढ्याचा इतिहासही त्यांनीच लिहिला. अशा घरात पोराकडून काय अपेक्षा असतील, ते सांगायला नको!

पोराला कोडी आवडायची, खेळांमधलं गणित आवडायचं. अभ्यासाचं मात्र जमेना. ग्रेशम्स शाळेतून १९३५मध्ये तो केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात गेला. गणित घेतलं होतं, पुढे भौतिकशास्त्राकडे वळला. त्याच कॉलेजात अ‍ॅलन ट्युरिंग नावाचा थोडा मोठा फेलो होता. दोघांची ओळख तिथलीच. तिसऱ्या वर्षाला असताना ख्रिस्तोफर मानसिकदृष्ट्या पार कोलमडला. आपण समलिंगी आहोत हे स्वतःशी मान्य करताना झालेली ओढाताण यामागे असावी, असं त्याच्या आयुष्यावर लिहिणाऱ्यांना वाटतं. त्या काळच्या इंग्लंडमध्ये तो गुन्हा होता. कशीबशी परीक्षा झाली आणि १९३९मध्ये हातात पडला दुसरा वर्ग, तोही खालचा. संशोधनासाठी शिष्यवृत्ती मिळण्याची आशा तिथेच संपली.

मग नोकरी. युद्धाच्या काळात स्टँडर्ड टेलिफोन्स अँड केबल्स या कंपनीत रेडिओच्या व्हॉल्व्हवर काम केलं. तिथे आकडेमोड करायला डिफरन्शियल अ‍ॅनलायझर नावाचं यंत्र वापरायला मिळालं आणि यंत्राने गणित करण्याची गोडी लागली. युद्ध संपल्यावर कँटरबरीच्या एका शाळेत शिक्षक, १९४९पासून हॅरोच्या नामांकित शाळेत शिक्षक. चारचौघांसारखं आयुष्य मार्गी लागलं होतं. घरच्यांनीही बहुधा एवढ्यावर समाधान मानलं असावं.

सुट्टीतला उद्योग

जानेवारी १९५१मध्ये एका मित्राच्या ओळखीने हे मास्तर नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत संगणक बघायला गेले. तिथे 'पायलट एस' नावाचं यंत्र होतं. घरी परतल्यावर स्ट्रेचींनी शाळा सांभाळून एक प्रोग्रॅम लिहायला घेतला. कशाचा? तर 'ड्राफ्ट्स' खेळण्याचा, म्हणजे आपण ज्याला चेकर्स म्हणतो तो सोंगट्यांचा खेळ. जुलैअखेरीस प्रोग्रॅम चालवून बघितला तर यंत्राची मेमरीच पुरेना. मग कळलं, की मँचेस्टरच्या संगणकात मेमरी जास्त आहे आणि तिथे आपले जुने ओळखीचे ट्युरिंग आहेत. स्ट्रेचींनी त्यांच्याकडून प्रोग्रॅमिंगचं पुस्तक मागवलं.

त्या पुस्तकाला तिथलेही लोक वचकून असत. स्ट्रेचींनी मात्र ते सुट्टीत बसून पचवलं. मँचेस्टरला पोचले ते हजाराहून जास्त सूचनांचा प्रोग्रॅम घेऊनच. तोपर्यंत त्या यंत्रावर एवढा लांबलचक प्रोग्रॅम कुणी चढवलाच नव्हता. ट्युरिंग यांनी यंत्र कसं वापरायचं ते भराभर सांगितलं आणि निघून गेले. शाळामास्तर रात्रभर एकटे यंत्राशी झुंजत बसले. सकाळपर्यंत प्रोग्रॅम चालू लागला होता आणि काम संपल्यावर यंत्राच्या भोंग्यातून इंग्लंडचं राष्ट्रगीत वाजलं. हा शेवटचा चावटपणाही मास्तरांचाच. त्याच वर्षी बीबीसीने या यंत्राच्या गाण्यांचं मुद्रण केलं. संगणकाने वाजवलेल्या संगीताचं आज आपल्या हाती असलेलं सगळ्यात जुनं मुद्रण ते हेच.

पुढच्या वर्षी स्ट्रेचींनी त्याच यंत्राकडून प्रेमपत्रं लिहून घेतली. साचा ठरलेला, शब्दांच्या याद्या ठरलेल्या; यंत्र चिठ्ठ्या टाकल्यासारखे शब्द उचलायचं आणि खाली 'एम. यू. सी.' म्हणजे मँचेस्टर युनिव्हर्सिटी कॉम्प्युटर अशी सही ठोकायचं. आजच्या चॅटबॉटवाल्यांनी या पूर्वजाला एक नमस्कार करायला हरकत नाही.

आता शाळेत परत कोण रमणार? १९५२मध्ये स्ट्रेची यांनी नॅशनल रिसर्च डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनमध्ये नोकरी धरली. कॅनडातल्या सेंट लॉरेन्स नदीच्या जलमार्गाची आकडेमोड, 'पेगसस' या संगणकाची रचना अशी बरीच कामं त्यांनी हातावेगळी केली. १९५९मध्ये पॅरिसच्या परिषदेत त्यांनी निबंध वाचला तो एकच मोठा संगणक एकाच वेळी अनेक कामांत कसा वाटून वापरता येईल यावर. त्याच साली नोकरी सोडून स्वतंत्र सल्लागार झाले. मदतीला पीटर लँडिन नावाचा तरुण ठेवला आणि त्याला चक्क सांगितलं, की तुझा थोडा वेळ प्रोग्रॅमिंग भाषांच्या गणिती पायाचा विचार करण्यात घालव. सल्लागाराच्या धंद्यात याचे पैसे कोण देणार? पण ते खूळ आता दोघांच्याही डोक्यात शिरलं होतं.

पुरी न झालेली भाषा

१९६२मध्ये स्ट्रेची केंब्रिजला परतले. ज्या विद्यापीठाने दुसरा वर्ग देऊन पाठवलं होतं, तिथेच आता ते नवी भाषा घडवणाऱ्या चमूत होते. भाषेचं नाव सीपीएल. केंब्रिज आणि लंडन या दोन विद्यापीठांचा तो जोडप्रकल्प होता. भाषा फारच महत्त्वाकांक्षी निघाली आणि कधी धड पूर्ण झालीच नाही. कागदोपत्री बघाल तर अपयश. पण तिची काटछाट करून मार्टिन रिचर्ड्स यांनी बीसीपीएल केली, तिच्यावरून केन थॉम्पसन यांनी 'बी' केली आणि 'बी'वरून डेनिस रिची यांनी 'सी'. म्हणजे आपल्या सेकंड सेमिस्टरच्या सी भाषेची ती पणजी! आणि सीमध्ये चुकून पाचला एक्सची किंमत द्यायला गेलात, तर कंपायलर 'एल-व्हॅल्यू' पाहिजे म्हणून कटकट करतो ना, तो शब्दसुद्धा स्ट्रेची आणि त्यांच्या साथीदारांच्या त्याच काळातल्या विचारांतून आलेला आहे.

१९६५मध्ये ऑक्सफर्डला प्रोग्रॅमिंग रिसर्च ग्रुप सुरू झाला आणि त्याची धुरा स्ट्रेचींकडे आली. ऑगस्ट १९६७मध्ये कोपनहेगनला उन्हाळी वर्ग भरला. तिथे त्यांनी प्रोग्रॅमिंग भाषांच्या मूलभूत कल्पनांवर व्याख्यानं दिली. लॅबमधल्या आपल्या घोळाला खरं उत्तर तिथून मिळायला सुरुवात होते.

'लावणे' आणि डबेवाला

स्ट्रेचींनी काय सांगितलं ते समजायला आपली मराठीच बरी. 'लावणे' हे क्रियापद घ्या. दिवा लावणे, झाड लावणे, कुलूप लावणे, चष्मा लावणे, पोळीला तूप लावणे, रांगेत नंबर लावणे. शब्द एक, पण प्रत्येक वेळी हात वेगळंच काम करतात. आई दिवा लाव म्हणाली म्हणून कुणी तो कुंडीत पुरत नाही, कारण सोबतचा शब्द ऐकून आपण अर्थ ठरवतो. 'अधिक'चं चिन्ह असंच आहे. पूर्णांकांची बेरीज संगणक एका रीतीने करतो, दशांशांची दुसऱ्या रीतीने, आणि अक्षरांच्या ओळी तर तो नुसत्या एकापुढे एक चिकटवतो. याला आपण ऑपरेटर ओव्हरलोडिंग म्हणतो. स्ट्रेचींनी नाव दिलं 'अ‍ॅड हॉक पॉलिमॉर्फिझम'. प्रत्येक प्रकारासाठी वेगळी, तात्पुरती सोय केलेली अनेकरूपता.

आता दुसरा प्रकार. मुंबईचा डबेवाला बघा. डब्यात भाजी-पोळी आहे की बिर्याणी, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तो सगळे डबे अगदी एकाच रीतीने उचलतो आणि पोचवतो. यादी उलटी करणारं फंक्शन असंच असतं. यादीत आकडे असोत, नावं असोत की आणखी याद्या असोत, काम तंतोतंत तेच. याला त्यांनी म्हटलं 'पॅरामेट्रिक पॉलिमॉर्फिझम'.

फरक लक्षात घ्या. डबेवाल्याला एकच नियम पुरतो. 'लावणे'ला मात्र जेवढे शब्द, तेवढे नियम. म्हणून पहिल्या प्रकाराला व्यवस्थित सर्वसाधारण पद्धत सापडणं अवघड आणि दुसरा गणिताला सोपा, हे स्ट्रेचींनी नेमकं हेरलं.

गंमत म्हणजे या व्याख्यानांची टिपणं त्यांनी छापलीच नाहीत. लेखन पुरेसं चोख झालं नाही असं त्यांना सतत वाटायचं. सायक्लोस्टाइल नोट्स सिनिअरकडून ज्युनिअरकडे याव्यात, तशी ती टिपणं हातोहात फिरत राहिली. छापील स्वरूपात नियतकालिकात आली ती थेट २०००मध्ये, म्हणजे तेहेतीस वर्षांनी!

शेवटची सहा वर्षं

१९६९च्या शरद ऋतूत डेना स्कॉट हे अमेरिकी तर्कशास्त्रज्ञ ऑक्सफर्डला आले. प्रोग्रॅमचा अर्थ म्हणजे नेमकं काय, हे गणिताने सांगण्यासाठी स्ट्रेची लॅम्डा कॅल्क्युलस वापरत होते. स्कॉट यांचा आक्षेप होता, की यात कुठेही टाइप नाहीत, सगळं सगळ्याला लागू होतं, त्यामुळे या इमारतीला पाया नाही. टाइप घालून दुसरी रचना करावी म्हणून त्यांनी एक निबंधही लिहिला. आणि थोड्याच आठवड्यांत स्वतःच तो पाया शोधून काढला! दोघांच्या नावाने ओळखली जाणारी अर्थमीमांसेची पद्धत त्यातून उभी राहिली. स्कॉट यांनी बाजूला ठेवलेला तो टाइपवाला निबंधही वाया गेला नाही. रॉबिन मिल्नर यांनी त्याच्या आधारे सिद्धता तपासणारी यंत्रणा रचली आणि त्या यंत्रणेसाठी पुढे एडिंबरात जी भाषा तयार केली, तिचं नाव एमएल.

१९७१मध्ये स्ट्रेची ऑक्सफर्डचे प्राध्यापक झाले. पीएचडी नसलेला, दुसऱ्या वर्गाचा माणूस वयाच्या चोपन्न-पंचावन्नाव्या वर्षी खुर्चीवर बसला. पुढे रॉबर्ट मिल्न या तरुण सहकाऱ्याबरोबर त्यांनी आपलं सगळं काम एका भल्यामोठ्या निबंधात बांधलं आणि केंब्रिजच्या अ‍ॅडम्स पारितोषिकासाठी पाठवलं. या एका कामासाठी दोघांनी जिवाचं रान केलं होतं. पारितोषिक मिळालं नाही. त्यावरून ग्रंथ करायला घेतला, पण स्ट्रेचींना कावीळ झाली. मधे बरं वाटलं, पुन्हा उलटली, आणि १८ मे १९७५ रोजी ते गेले. वय फक्त अठ्ठावन्न. ग्रंथ मिल्न यांनी पूर्ण केला.

उरलेला पेपर इतरांनी सोडवला

१९७८मध्ये मिल्नर यांनी डबेवाल्याच्या प्रकाराचा पक्का हिशोब मांडला. एमएलमध्ये तुम्ही टाइप न लिहिताही फंक्शन लिहू शकता. कंपायलर स्वतः ताळा लावून टाइप शोधतो आणि प्रोग्रॅम चालायच्या आधीच चुका पकडतो. परीक्षेला बसल्यावर नव्हे, तर दारातच हॉलतिकीट तपासावं तसं.

पण अधिकचं चिन्ह आलं की गाडी अडली. समजा, दोन गोष्टी घेऊन त्यांची बेरीज करणारं फंक्शन लिहिलं आणि त्या गोष्टी काय आहेत हे सांगितलंच नाही. आई नुसतं 'लाव' म्हणून बाहेर निघून गेली, तर तुम्ही काय लावाल? कंपायलरची तीच पंचाईत. यावर प्रत्येक भाषेने आपापली पळवाट काढली. स्टँडर्ड एमएलमध्ये काही सांगितलं नसेल, तर पूर्णांक धरून चालतात. ओकॅमलमध्ये पूर्णांकांचं अधिक वेगळं आणि दशांशांसाठी अधिकच्या पुढे टिंब, म्हणजे ओव्हरलोडिंगची भानगडच नको! मिरांडा या भाषेत सगळ्या संख्यांना मिळून टाइपच एक ठेवला. चालत होतं सगळं, पण समाधान होत नव्हतं.

१९८०च्या दशकाच्या शेवटी 'हॅस्केल' भाषा घडत होती. तर्कशास्त्रज्ञ हॅस्केल करी यांच्यावरून तिचं नाव. 'करिंग' हा त्यांच्याच आडनावावरून आलेला शब्द रूढ करण्यातही स्ट्रेचींच्या त्या टिपणांचा वाटा होता. ग्लासगोच्या फिलिप वॉडलर आणि स्टीफन ब्लॉट यांनी १९८९मध्ये 'टाइप क्लास'ची कल्पना मांडली. निबंधाच्या शीर्षकात स्ट्रेचींचाच शब्द होता, आणि ही अ‍ॅड हॉक सोय कमी अ‍ॅड हॉक कशी करता येईल, हा विषय.

युक्ती साधी आहे. प्रत्येक टाइपने आपली एक चिठ्ठी सोबत आणायची, की माझ्या बाबतीत बेरीज म्हणजे काय, गुणाकार म्हणजे काय. मग बेरजेचं फंक्शन डबेवाल्यासारखं एकदाच लिहायचं. त्याच्या टाइपमध्ये एवढीच अट नोंदवायची, की येणाऱ्याकडे बेरजेची चिठ्ठी हवी. कंपायलर ती चिठ्ठी गुपचूप फंक्शनच्या हातात ठेवतो आणि फंक्शन ती वाचून काम करतं. चिठ्ठीच नसेल, तर दारातच अडवतो. म्हणजे 'लावणे'चा प्रश्न डबेवाल्याच्या पद्धतीने सुटला. स्ट्रेचींनी वेगळे केलेले दोन प्रकार बावीस वर्षांनी एकमेकांना भेटले, पण ते बघायला स्ट्रेची नव्हते.

आज रस्ट शिकताना 'ट्रेट' भेटेल, तो याच कल्पनेचा नातलग. २००४मध्ये जावात जेनेरिक्स आले, ती डबेवाल्याची शाखा. त्या कामातही वॉडलर होतेच.

स्ट्रेचींचा बायोडेटा प्लेसमेंटच्या फाइलमध्ये टाकून बघा. मधेच ढासळलेलं शिक्षण, दुसरा वर्ग, शाळेतली सहा-सात वर्षं, अर्धवट राहिलेली भाषा, न छापलेली टिपणं, न मिळालेलं पारितोषिक. पहिल्या चाळणीतच बाद. पण त्या मास्तरांनी प्रश्न मात्र नेमका विचारून ठेवला होता. पुढच्या वेळी लॅबमध्ये टाइप एरर आली की वैतागा, हरकत नाही. फक्त वैतागून झाल्यावर एक मिनिट थांबून बघा, की तुमच्या ओळीतलं ते 'अधिक' नक्की काय लावायला सांगतंय.